तंजावरला तळमजल्याची खोली

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा वाडा गेल्या वर्षी विकला गेला. आईच्या वाट्याला आलेल्या पैशांतून तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. "मला तंजावर बघायचंय," ती म्हणाली. "आणि नीट बघायचंय. धावतपळत नाही."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. तरुणपणी ती बडोद्याच्या संगीत महाविद्यालयात भरतनाट्यम शिकली, आणि जे शिकली ते बडोद्याला तंजावरहूनच आलं होतं. सयाजीराव महाराजांचं पहिलं लग्न १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहित्यांशी झालं, त्याच पुढे पहिल्या चिमणाबाई महाराणी. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याच्या दरबारी आले. कांतिमती आणि गौरा ही त्या नर्तकींची नावं आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. त्या वेळचे बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव. त्यांच्या नावातला 'टी' म्हणजे तंजावर. जन्म कुंभकोणमचा, घरची भाषा मराठी. त्रावणकोर, इंदूर आणि मग बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद त्यांनी सांभाळलं. हे सगळं आईला पाठ होतं. गाव मात्र तिने पाहिलेलं नव्हतं.

ठरवलं की खर्चाकडे बघायचं नाही. पण पैसा नेमका कशावर घालायचा हे समजायला आम्हाला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांबद्दल मला जास्त सांगायचं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला असं कुठे न्यायचं असेल, तर खरं काम घराबाहेर पडण्याआधीचं असतं.

पहिलं पॅकेज एका ट्रॅव्हलवाल्याने दोन दिवसांत पाठवलं. नऊ रात्री, सहा हॉटेलं. चेन्नई, महाबलीपुरम, पुद्दुचेरी, तंजावर, मदुराई, रामेश्वरम. सगळी पंचतारांकित किंवा त्या तोडीची. समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्या, मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण, आल्या आल्या शहाळं. ज्या गावासाठी निघायचं त्या तंजावरला एक रात्र. मी कागद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे रोज बॅग भरायची." बस, एवढंच. नवऱ्याने त्याच कागदावर पेन घेऊन तंजावर सोडून पाचही गावं खोडली. पुद्दुचेरी खोडताना मला वाईट वाटलं, मला तिथल्या जुन्या फ्रेंच गल्ल्या बघायच्या होत्या. पण फेरफटका मारायचं गाव आणि गुडघे न वाकणारी आई, हे जमणारं नव्हतं. उरलं ते असं: तंजावर पाच रात्री, समुद्रकाठी तरंगमबाडीला दोन, आणि शेवटी चेट्टिनाडमधल्या एका जुन्या हवेलीत तीन. दहा रात्री, तीन मुक्काम. तिघांचा विमानासकट खर्च साडेचार लाखांच्या आसपास गेला. इतक्या पैशांत परदेशवारी झाली असती, असं दोन-तीन जणांनी ऐकवलं. आईला परदेश नको होता.

मग फोन. मी प्रत्येक हॉटेलला स्वतः फोन केले आणि तेच तेच प्रश्न विचारले. खोली तळमजल्यावर आहे का? खोलीत शिरताना, न्हाणीघरात शिरताना पायरी आहे का, किती उंच? शॉवर टबच्या आत आहे की वेगळा? बऱ्याच महागड्या खोल्यांत मोठा, सुंदर टब असतो आणि शॉवर त्याच्यातच असतो. आईसारख्या माणसासाठी तो टब म्हणजे दोन फुटांची भिंत. कमोडशेजारी धरायला दांडी आहे का? फोटोत यातलं काही दिसत नाही. जुन्या हवेल्यांच्या हॉटेलात तर लिफ्टचा प्रश्नच नसतो, आणि चांगल्या म्हणून दाखवलेल्या खोल्या नेमक्या वरच्या मजल्यावर.

गाडीचंही तसंच. ट्रॅव्हलवाला मोठी, उंच गाडी घ्या म्हणत होता. आम्ही इथेच बडोद्यात शेजाऱ्यांच्या तशा गाडीत आईला बसवून पाहिलं. पाय वर उचलता येईना. शेवटी एक घडीचं प्लास्टिकचं स्टूल घेतलं, दोनशे रुपयांचं. सगळ्या प्रवासात त्याच्याइतकी उपयोगाची वस्तू दुसरी नव्हती.

तारखांवरून मात्र आमची फसगत होता होता राहिली. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस, मार्चपासून उकाडा, म्हणून जानेवारी धरला. पोंगल आपल्या संक्रांतीच्याच वेळी. दुसऱ्या दिवशी मट्टू पोंगल, गुराढोरांचा सण, आणि त्या दिवशी तंजावरच्या मोठ्या देवळातल्या नंदीला भाज्या-फळांनी मढवतात. आईला ते बघायचं होतं. पण पोंगलचे तीन दिवस तिकडे सरकारी कचेऱ्या बंद असतात, आणि ज्या सरस्वती महाल ग्रंथालयासाठी आम्ही इतक्या लांब जाणार होतो तेही बंद. हे आम्हाला ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं नाही. सांगितलं आमच्या होणाऱ्या मार्गदर्शकांनी, पहिल्याच फोनवर. मग दोन दिवस आधी पोचायचं ठरलं.

हे मार्गदर्शक म्हणजे तंजावरचेच एक निवृत्त शिक्षक. घरी मराठी बोलणारे. ओळखीतून त्यांचा नंबर मिळाला. फोनवर त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आईला हाक मारून फोन स्पीकरवर टाकला. शब्द आपले, हेल सगळा तमिळ. तिकडे गेलेल्या मराठ्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या कुटुंबांची ही भाषा साडेतीनशे वर्षं घराघरांतून चालत आली आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे १६७० च्या दशकात तंजावरच्या गादीवर बसले, आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. शिक्षक आईला पहिल्या वाक्यापासून 'अक्का' म्हणाले. तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे ते मराठीत म्हणाले की तमिळमध्ये, हे विचारायची गरज आईला वाटली नाही.

उत्तरायणाच्या ऐन तोंडावर बडोदं सोडणं सोपं नव्हतं. गच्च्यांवर स्पीकर चढले होते, बाजारात फिरक्यांचे ढीग. आईने तिळाच्या लाडवांचा डबा हातातल्या पिशवीत घेतला, तो सामानात टाकू दिला नाही. बडोदा, मुंबई, चेन्नई, तिरुचिरापल्ली. विमानतळांवर व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती, सगळीकडे वेळेवर मिळाली. तिरुचिरापल्लीहून तंजावर गाडीने सव्वा तास.

आणि तिथे हॉटेलात पोचल्यावर किल्ली मिळाली ती पहिल्या मजल्याची.

माझ्याकडे तळमजल्याच्या खोलीचा लेखी होकार होता. समोरचा मुलगा नम्र होता, पण सणामुळे सगळं भरलंय, इतकंच सांगत होता. वर जायला सागवानी जिना, वळणाचा, देखणा, वीस-बावीस पायऱ्यांचा. आई बैठकीत हातात डबा धरून बसली होती, सकाळी चारला उठलेली. मला फार राग आला, आणि आवाज चढला याचं मला आजही वाईट वाटत नाही. दोन तासांनी बागेकडची एक लहान खोली रिकामी करून मिळाली. खिडकीतून स्वयंपाकघराची मागची बाजू दिसे. पण न्हाणीघर सपाट होतं, आणि आई पाचही रात्री शांत झोपली. त्यानंतर मी पुढच्या दोन्ही हॉटेलांना निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन केला आणि खोलीचा नंबर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सरस्वती महाल. आधी नायक राजांचं ग्रंथालय, पण त्याला आजचं रूप दिलं ते दुसऱ्या सरफोजी राजांनी. मराठी हस्तलिखितंच तीन हजारांहून जास्त, शिवाय मोडी कागदांचे गठ्ठे. आत कपाटांपर्यंत जाता येत नाही, बाहेर एक छोटं दालन आहे. तेवढ्यातच आम्ही दीड तास होतो. सरफोजींनी धन्वंतरी महाल काढला होता, तिथे डोळ्यांवर उपचार झालेल्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट. राजाचं शिक्षण एका जर्मन मिशनऱ्याच्या, श्वार्ट्झच्या, देखरेखीखाली झालं. दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत जो क्रम असतो, तो या चौघांनी बसवलेला. शिक्षक हे सांगत होते आणि आई मधूनच त्यांचं वाक्य पुरं करत होती. 'शरभेंद्र पाकशास्त्र' या सरफोजींच्या काळच्या मराठी पाककृतींच्या पुस्तकाची छापील प्रत आईने घेतली आणि गाडीत बसल्या बसल्या वाचायला सुरुवात केली.

मोठं देऊळ आम्ही तीन वेळा पाहिलं, आणि पैसे आणि दिवस खर्चल्याचं सर्वांत जास्त समाधान मला त्याचंच आहे. देवळात अनवाणी जावं लागतं आणि जानेवारीतही अकरानंतर तिथला दगड तापतो. म्हणून सकाळी सहाला जायचं, नऊला परतायचं, मग संध्याकाळी पाचनंतर. एका रात्रीच्या मुक्कामात हे होत नाही. एका रात्रीत येणारे लोक दुपारी बाराला चटके बसणाऱ्या पायांनी धावताना आम्ही पाहिले.

राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ. शिखर दोनशे फुटांच्या वर. त्याची सावली जमिनीवर पडत नाही अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. पहिल्या संध्याकाळी आम्ही त्या सावलीतच सतरंजी टाकून बसलो होतो. भिंतींवर वरपासून खालपर्यंत तमिळ शिलालेख. शिक्षकांनी आईला त्यांतल्या एकाबद्दल सांगितलं. राजराजाने ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी इथे आणून वसवल्या, आणि त्या प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली आणि तिचं घर कुठल्या रांगेत कितवं, हे सगळं दगडावर कोरून ठेवलं. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात, कलम हे धान्याचं जुनं माप. हजार वर्षांमागच्या चारशे बायका, पत्त्यासकट. आईने विचारलं, "मला त्यातली थोडी नावं वाचून दाखवाल?" ते वाचत गेले. प्रत्येक नावाआधी 'नक्कन'. आई पाठोपाठ म्हणत गेली, हळू, जसा पाढा म्हणतात तशी. वीसेक नावांनंतर ते थांबले, तर आईने हातानेच 'चालू द्या' म्हटलं.

गाभाऱ्याच्या वर, शिखराच्या आतल्या मजल्यावर नृत्यातली करणं, म्हणजे हातापायांच्या ठरलेल्या हालचाली, कोरलेली आहेत. एकशे आठपैकी एक्क्याऐंशी झाली, बाकीचे दगड कोरेच राहिले. तिथे कुणाला जाऊ देत नाहीत. आईला हे आधीच माहीत होतं. तरी ती त्या बाजूला मान वर करून बराच वेळ उभी राहिली.

नैऋत्येकडच्या कोपऱ्यात प्राकाराच्या भिंतीवर मात्र आपली अक्षरं आहेत. १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले कुळाचा सगळा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरून घेतला. भिंतभर. मी शाळेत याबद्दल एक ओळ वाचली होती. प्रत्यक्षात ते किती लांब आहे याची कल्पना नव्हती. आई व्हीलचेअरवरून भिंतीच्या कडेकडेने जात होती आणि मोठ्याने वाचत होती, अडखळत, कारण शब्द जुने आणि एकाला एक चिकटलेले. मी खुर्ची ढकलत होते. एक शाळेची सहल मागे उभी राहून ऐकू लागली. शिक्षकांनी मुलांना तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, आणि मुलं आईकडे नव्याने बघू लागली.

पोंगलच्या सकाळी शिक्षकांच्या घरी गेलो. दारात भली मोठी कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, उंबऱ्याशी ऊस, मातीच्या भांड्यात दूध उतू जाताना सगळ्यांनी केलेला 'पोंगलो पोंगल'चा घोष. आईने डबा उघडला. त्यांच्या पत्नीने तिळाचा लाडू हातात घेतला आणि म्हणाल्या, "तिळगूळ." मग त्यांनी आईला हळदीकुंकू लावलं. मी दोघींचा फोटो काढायचा विसरले. मट्टू पोंगलला नंदी पाहिला, वांगी, भोपळे, केळी, संत्री, फुलं, आणि त्यामागे तो काळा दगड जेमतेम दिसत होता. गर्दी खूप होती, दहा मिनिटांत बाहेर पडलो.

समुद्राकडे जाताना कुंभकोणमला माधवरावांच्या गावची कॉफी प्यायलो, पितळी वाटी-पेल्यातली, आणि दारासुरमचं बाराव्या शतकातलं देऊळ पाहिलं. ते तंजावरच्या मानाने लहान, पण तिथे गर्दी नाही आणि कोरीवकाम अगदी डोळ्यांच्या उंचीवर. खुर्चीवरून बघणाऱ्या माणसाने ते चुकवू नये.

त्या पुढचा किनारा मला कल्पनेपेक्षा वेगळाच निघाला. तरंगमबाडीला १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी किल्ला बांधला, १८४५ मध्ये सगळं गाव इंग्रजांना विकून टाकलं. गावाची वेस अजून उभी आहे, आत रुंद रस्ता, दोन जुनी चर्चं, आणि अगदी पाण्याच्या कडेला मासिलामणिनाथाचं देऊळ, समुद्राने हळूहळू खाल्लेलं. आमचं हॉटेल जुन्या वसाहतीतला बंगला होता, ओसरीवर वेताच्या खुर्च्या. इथे नवऱ्याला हवी ती सुट्टी मिळाली. तो सकाळ-संध्याकाळ समुद्रावर असे आणि तळलेल्या माशांबद्दल बोलत असे.

तिथून खाली नागूरचा दर्गा गाडीने तासाभराच्या आत. शाहुल हमीद या सुफी संताचा. पाच मिनारांतला सर्वांत उंच, एकशे एकतीस फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह राजाने अठराव्या शतकात बांधून दिला. भोसल्यांचा राजा. आत निम्म्याहून जास्त हिंदू दिसत होते, कुणी जावळ काढायला आलेलं, कुणी नवस फेडायला. पुढे थोड्याच अंतरावर वेलंकनी, आरोग्यमातेचं चर्च. तिथेही मुंडन, तिथेही नारळ, भगवी वस्त्रं नेसून चालत आलेले लोक. आईने दोन्हीकडे हात जोडले आणि दोन्हीकडे त्याच पुटपुटण्यात माझ्या भावाच्या मुलाचं नाव घेतलं. नागपट्टणमवरून जाताना गाडीवाला एकदम गप्प झाला. २००४ च्या त्सुनामीत या किनाऱ्यावर हजारो माणसं गेली. त्याने एवढंच सांगितलं की तेव्हा तो आठवीत होता. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

चेट्टिनाडचा रस्ता लांबचा, जवळजवळ पाच तासांचा. आईसाठी मध्ये दोनदा थांबलो. तिथल्या हवेल्या नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांच्या. ब्रह्मदेश, सिलोन, मलाया इथे पेढ्या होत्या त्यांच्या. तिकडून सागवान आणलं, इटलीहून संगमरवर, आणि चुन्यात अंड्याचा पांढरा घालून भिंती अशा घोटल्या की अजून हात फिरवला तर गार, काचेसारख्या लागतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश हातचा गेला, तिकडची मालमत्ताही गेली, आणि या घरांत राहायला कुणी उरलं नाही. काही घरांची आता हॉटेलं झालीत. एकामागून एक चौक, पुढच्या दारात उभं राहिलं तर मागचं दार सरळ रेषेत दिसतं. मला आमचा विकलेला वाडा आठवला. आईलाही आठवला असणार, पण ती बोलली नाही. जेवण केळीच्या पानावर. काळ्या चिकट तांदळाचा गोड पदार्थ, कवुनी अरिसी, तो तांदूळही ब्रह्मदेशातूनच आलेला, आईने दोनदा मागून घेतला. आमची खोली पहिल्या चौकाला लागून, तळमजल्यावर, नंबर लिहून घेतला होता तीच.

शेवटच्या संध्याकाळी आई चौकात अथंगुडीच्या फरशांवर खुर्ची टाकून बसली होती. या फरशा जवळच्याच गावात काचेवर सिमेंट ओतून हाताने करतात, निळ्या-तांबड्या फुलांच्या. स्वयंपाकिणीची मुलगी, दहा-अकरा वर्षांची, खांबाशी पाय आपटत कसलासा सराव करत होती. आईने काठीने खुर्चीच्या पायावर ठेका धरला. "तैया तै." मुलगी थबकली. मग तिने तेच म्हटलं, तेच, त्याच वजनात, आणि पाय टाकले. आईला तमिळ येत नाही, मुलीला ना मराठी येत होती, ना हिंदी. पहिला अडवू, म्हणजे नाचातला पायाभूत पदन्यास, झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मुलीचे गुडघे सरळ होऊ लागले तसं आईने काठी थांबवली.

"अरैमंडी," आई म्हणाली, आणि तळवा जमिनीकडे दाबून दाखवला. अजून खाली.

मुलगी हसली, गुडघे बाहेर वळवले, आणि अजून खाली बसली.